रोवणी

भर दुपारी, गोदामाच्या पत्र्याखाली, चार हमालांदेखत एक धडधाकट माणूस रंगनाथच्या पाया पडला आणि त्याला वस्ताद म्हणाला. रंगनाथ फाटक्या पोत्याचं तोंड शिवत मांडी घालून बसला होता. मांडी घातलेल्या माणसाच्या पाया पडायचं तर पाय शोधावे लागतात. त्या माणसानं वाकून गुडघ्याखाली हात घातला तशी रंगनाथच्या हातातली दाभण त्याच्याच अंगठ्यात शिरली. रक्त आलं, ते त्यानं सुतळीला पुसलं. भोवती लाल मिलो ज्वारीचा भुसा उडत होता. दोन वर्षं पाऊस नव्हता, आणि नगर शहर परदेशातून आलेल्या त्या लाल दाण्यावर जगत होतं. दाणा उतरवून घेणारे हमाल घाम पुसत उभे राहिले. त्यांतला श्रीमंत नावाचा हमाल, ज्याच्या नावाला सगळे हसत आणि जो स्वतः सगळ्यांना हसे, म्हणाला की रंगनाथ वस्ताद झाला असेल तर आता आपण पोती टाकून त्याच्यापुढं दंड बैठका काढायला बसू. रंगनाथ हसला नाही. आयुष्यात त्याला कुणी वस्ताद म्हटलं नव्हतं. जो शब्द तो इतकी वर्षं फक्त एका माणसासाठी, आणि तोही शिवीसारखा वापरत आला होता, तोच आपल्या अंगावर पडलेला त्याला सोसेना. कुणाचं तरी मळकं धोतर चुकून अंगावर यावं तसं झालं.

"मी सहादेव," तो माणूस म्हणाला. "आसाराम वस्तादांचा थोरला."

मग रंगनाथला त्याचे कान दिसले. आसारामचे कान असेच होते, कुस्तीत दुमडून कडक झालेले. ह्याचे तसे नव्हते, पण चेहऱ्यावर त्याच जागी, त्याच बेतानं लावलेले होते. आसाराम दिवाळीनंतर गेला हे रंगनाथला कळलं होतं. त्या दिवशी तालमीतली सगळी जुनी माणसं मैतीला अमरधामात गेली. रंगनाथ पोती शिवत बसला. संध्याकाळी त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं विचारलं, गेले का हुते? तो म्हणाला, कशाला जाऊ. तिला जे बोलायचं होतं ते तिनं फार पूर्वी, एकदाच बोलून ठेवलं होतं: "पाठ मोडली तुमची, आन् वाकून जगाया लागलं मला." ती लोकांचे जोंधळे निवडायची, धुणी धुवायची, आता खडी फोडायला जायची. तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं, भाकरी थापता थापता म्हटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

सहादेवचं काम असं होतं. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यानं खेळाडू म्हणून काही माणसं नोकरीला घ्यायचं ठरवलं होतं. वजन उचलणाऱ्यांची निवड उन्हाळा संपता संपता होणार होती. सहादेवच्या हातांत आणि मांड्यांत ताकद होती, पण पाठीचा व्यायाम करताना, म्हणजे रोवणी मारताना, कमरेत कळ यायची. आता तर सकाळी उठतानाही येत होती. बाप, त्याचे तात्या, असते तर त्यांना विचारलं असतं. आणि जाण्याआधी तात्यांनीच सांगितलं होतं, माझ्यामागं काही अडलं तर रंगनाथकडं जा. त्याला सगळं येतं. हे सांगताना सहादेव एवढा सरळ बघत होता, की रंगनाथला वाटलं, ह्याला काहीच माहीत नाही. बापानं ह्याला काहीच सांगितलेलं नाही. तो म्हणाला, संध्याकाळी येतो. का म्हणाला ते त्याला कळलं नाही. हमाल ऐकत होते म्हणून म्हणाला असेल.

संध्याकाळी तो स्टेशनरोडनं माळीवाड्याकडं चालत निघाला तेव्हा वाटेत त्याचं मन दोन्हीकडून चालत होतं. एक मन म्हणत होतं, त्याला शिकवून ये, मेलेल्या माणसाशी कसलं वैर. दुसरं म्हणत होतं, आता तुझ्या हातात डाव आला आहे. तालमीत वाढलेल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असतं, की वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव देतो पण एक राखून ठेवतो. कधी पठ्ठ्या उलटला तर त्याला पाडायला तो डाव असतो. त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही, उलट ज्याचा वस्ताद काहीच राखत नाही त्या पठ्ठ्याला आपण कमी समजले गेलो असं वाटतं. रंगनाथ कर्जतकडच्या एका कोरडवाहू गावातून आला तेव्हा त्याला लिहिता येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं म्हटलं तरी चालेल, पण हे माहीत होतं. दिवसा वखारीत पोती आणि सकाळ-संध्याकाळ आसारामची तालीम. आसारामही मूळचा हमाल. त्याची पाठ एवढी मोठी होती, की मागून बघितलं तर मान दिसायची नाही. मानेखाली जो उंचवटा होता त्याला तालमीत सगळे मांस समजत आणि तसा उंचवटा आपल्यालाही यावा म्हणून पोरं झटत. रंगनाथ तर सगळ्यांत जास्त.

तालमीत लोखंडी दांडी आली ती भिंगारच्या कॅम्पातून. लष्कराचं भंगार विकणाऱ्या एका माणसाकडून आसारामनं दांडी आणि तिच्या टोकांना लावायच्या वजनाच्या चकत्या घेतल्या. तिच्याबरोबर एक सुट्टीवरचा शिपाई आला आणि त्यानं पाठीचा एक व्यायाम करून दाखवला. उभं राहून पुढं वाकायचं आणि दांडी पोटाकडं ओढायची. नाव त्यानं रोइंग असं सांगितलं. नावाडी वल्हं मारतो तसं, म्हणाला. तिथं कुणी नाव बघितलेली नव्हती, वल्हं तर नाहीच. सीना नदीत पावसाळ्यात म्हैस बुडेल एवढंही पाणी नसायचं. पोरांनी ऐकलं ते रोविंग, आणि रोविंग म्हणजे रोवायचं, पाय रोवून करायचं ते, असा अर्थ लावून त्याला रोवणी म्हणायला लागले. आसारामला ते नाव आवडलं. तो म्हणायचा, बरोबर हाय, पाय रोवलेच पाहिजेत. मग तो सांगायला लागायचा, आणि तो काय सांगायचा ते रंगनाथला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणता आलं असतं. पाय खांद्याएवढे फाकवा. गुडघे थोडे सैल. वाकायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. पाठ दाराच्या चौकटीवरच्या तुळईसारखी, आडवी आणि सपाट. मान वर काढायची नाही, खाली टाकायची नाही. दांडी गुडघ्याजवळून बेंबीकडं ओढा. हातानं ओढू नका, कोपर मागं न्या, पाठीवरचे दोन्ही खवाटे एकमेकांना भेटले पाहिजेत. हिसका नाही. खाली सोडताना चोरासारखी सोडा, आवाज येता कामा नये. आणि हे सगळं सांगून झालं की आसाराम एक वाक्य म्हणायचा, ते वाक्य रंगनाथनं मनात फार वर्षं घासून ठेवलं होतं: माझ्याकडं बघू नका, ऐका.

हे वाक्य ऐकलं आणि रंगनाथला कळलं की डाव इथं आहे. जो माणूस ऐका म्हणतो आणि बघू नका म्हणतो तो काहीतरी झाकतो आहे. कुस्तीत कधी कुणी ऐकून शिकलं आहे का? मातीत सगळं बघूनच येतं. वस्तादाचा पाय कुठं पडतो, मनगट कसं वळतं, ते बघायचं आणि अंगात घ्यायचं. शब्द पोरांना, अंग पठ्ठ्याला. म्हणून तो चोरून बघायला लागला. आसाराम भल्या पहाटे, कुणी यायच्या आत, एकटा रोवणी मारायचा. तेलाची बुधली ठेवायच्या खोलीच्या दाराला फट होती. त्या फटीतून रंगनाथनं बघितलं. आसारामची पाठ सपाट नव्हती. ती वाकली होती, कमानीसारखी, वरचा उंचवटा आभाळाकडं आणि कंबर गोल. दांडी मात्र कापसासारखी वर येत होती. रंगनाथच्या अंगावर काटा आला होता. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. म्हणजे तुळई, खुबा, हे सगळं बाहेरच्यांसाठी. खरा डाव हा. त्यानं ती कमान चोरली. रोज आरशात नाही, आरसा कुठला, भिंतीवरच्या सावलीत बघून त्यानं आपली पाठ तशी केली. आणि दांडी वर आली, जास्त चकत्या लावल्या तरी आली. आसारामनं एकदोनदा जवळ येऊन त्याच्या कमरेवर हात ठेवला, सरळ, सरळ, म्हणाला. रंगनाथ मनात हसला. म्हटलं, म्हातारा घाबरला.

मग एके सकाळी त्याच्या कमरेत काहीतरी तुटलं. तो मातीत आडवा झाला आणि पुढं किती महिने आडवाच राहिला. उठला तेव्हा पोत्याखाली जाणारं अंग राहिलं नव्हतं. पडून पडून, घराच्या पत्र्याकडं बघून बघून, त्यानं एक गोष्ट जुळवली. आसारामला माहीत होतं. फटीमागं आपण आहोत हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्यानं मुद्दाम खोटी रोवणी मारून दाखवली. चोराच्या हाती खोटं नाणं द्यावं तशी. एवढं जुळल्यावर रंगनाथला फार बरं वाटलं. दुखण्याला तोंड आलं. आसाराम एकदा भेटायला आला, दारात उभा राहिला, गोजरबाईनं पाणी दिलं, आणि रंगनाथ भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. आसाराम पाणी पिऊन गेला. पुढं गोदामात, चहाच्या टपरीवर, सोयऱ्यांत, जिथं कुणी विचारलं की पाठीला काय झालं, तिथं रंगनाथनं हीच गोष्ट सांगितली. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती, की सांगताना त्याला काही आठवावं लागत नसे.

तालमीचं दार सहादेवनं उघडलं तेव्हा आतून तेलाचा नाही, धुळीचा वास आला. पाणी नव्हतं म्हणून कुस्तीच्या हौद्यातली माती कुणी भिजवली नव्हती. तिला भेगा पडल्या होत्या, बाहेरच्या शेतांना पडल्या होत्या तशाच. जुने पठ्ठे दुष्काळी कामांवर पांगले होते. कोनाड्यातल्या मारुतीला शेंदूर होता, पण तोही सुकून कवचासारखा उठला होता. सहादेव शर्ट काढून उभा राहिला आणि रंगनाथनं भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, बोलायला सुरुवात केली. आपण कुठला डाव देणार हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. पण तोंडातून आपोआप आसारामचेच शब्द निघाले, त्याच क्रमानं. पाय, गुडघे, खुबा, तुळई. सहादेव वाकला. रंगनाथनं डोळे पूर्ण उघडले आणि त्याला तेलाच्या खोलीची फट आठवली. तीच पाठ होती. तीच कमान, वरचा उंचवटा अजून कोवळा, पण उगवत होता.

तो म्हणाला, असं नाही, खुब्यातून. सहादेव म्हणाला, खुब्यातूनच तर वाकतोय. त्यानं परत केलं आणि परत तेच झालं. मग तो उभा राहिला, घाम पुसला आणि अगदी सहज म्हणाला, दाखवता का जरा. रंगनाथ दांडीपुढं उभा राहिला. नुसती दांडी, एकही चकती नाही. तो वाकला. आपल्याला वाटलं ते त्यानं केलं, म्हणजे पाठ सपाट केली, तुळईसारखी आडवी. मनात ती आडवीच होती. मागून सहादेवचं हसू ऐकू आलं. ते टिंगलीचं नव्हतं, घरातल्या माणसाची खोड दुसऱ्याच्या अंगी दिसल्यावर येतं तसं होतं.

"तुमचं तर थेट तात्यांवानी दिसतंय," सहादेव म्हणाला. "त्यांचीबी पाठ सपाट म्हनून व्हायचीच न्हाई. पोती वाहून हाडच तसं झालं हुतं. गेल्यावर तिरडीवर निजवलं तर डोकं टेकंना, लोकांनी दाबून बघितलं. मग मी शर्टाची घडी करून मानंखाली दिली."

रंगनाथ दांडी हातात धरून तसाच वाकून राहिला. सरळ व्हायला त्याला वेळ लागायचाच, म्हणून सहादेवला त्यात काही दिसलं नाही. खाली मातीतल्या भेगा होत्या. एका भेगेतून मुंग्या चालल्या होत्या. हाड. मांस नव्हतं ते, हाड होतं. रंगनाथला तिरडीवरचं ते न टेकणारं डोकं दिसलं, जे बघायला तो गेला नव्हता. गेला असता तर तिथंच कळलं असतं. पहाटे एकटा येऊन रोवणी मारणारा माणूस काही झाकत नव्हता. त्याला लाज वाटत होती. आपलं सांगणं आणि आपलं अंग जुळत नाही, पोरांनी बघितलं तर बघतील तेच शिकतील, म्हणून तो बघू नका म्हणत होता. सगळा डाव त्यानं शब्दांत देऊन टाकला होता, काही न राखता. राखायला त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं. आणि दारात येऊन पाणी पिऊन गेला तो हेच सांगायला आला असेल, किंवा नसेलही, नुसता बघायला आला असेल. रंगनाथच्या छातीत काहीतरी रिकामं झालं आणि त्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते त्याला कळेना. इतकी वर्षं त्या जागी आसाराम बसला होता. त्याच्या जोरावर रंगनाथ रोज सकाळी उठत होता, दाभण हातात घेत होता, गोजरबाई खडी फोडून आली की तिच्या हातांकडं न बघता जेवत होता. ह्याच्यामुळं, असं मनाशी म्हटलं की घास उतरायचा. आता कुणामुळं म्हणायचं?

तो हळूहळू सरळ झाला. बोलायला काही हवं म्हणून त्यानं विचारलं, तुमच्या घरी गोठा आहे का. सहादेव म्हणाला, होता, जनावरं छावणीत दिली. रंगनाथ म्हणाला, दोन्ही हातांत कडब्याचा भारा आहे आणि मागं गोठ्याचं कवाड आहे, ते हातानं लोटता येत नाही, तेव्हा तू काय करतोस? सहादेव गोंधळला, मग त्यानं नुसतंच ढुंगण मागं नेऊन हवेतलं कवाड लोटलं. आणि त्याची पाठ सपाट झाली. इतकी सपाट, की वर पाण्याचा तांब्या ठेवला तर हलला नसता. रंगनाथ पुढं झाला. त्यानं त्याच्या खवाट्यांमध्ये आपला तळहात ठेवला, दुसरा माकडहाडावर, आणि म्हणाला, आता ओढ, माझा हात खवाट्यांत चिमटला पाहिजे. चकत्या थोड्याच होत्या. दांडी गुडघ्याजवळून सरकत बेंबीला लागली. रंगनाथचा हात चिमटला. दांडी आवाज न करता खाली गेली. परत वर आली. त्या पाठीतली ऊब, तिचं हलणं, तळहाताखाली मासळी वळावी तसं काहीतरी वळणं, हे रंगनाथनं कधी अनुभवलं नव्हतं. आपल्या पाठीत असं कधी झालं नव्हतं. आपल्याला हे येत होतं, तोंडानं, आणि अंगाला कधी आलंच नाही.

सहादेव उभा राहिला. त्यानं कमरेवर हात फिरवला, डावीकडं वळून बघितलं, उजवीकडं वळून बघितलं. कळ आली नव्हती. तो लहान पोरासारखा हसला आणि म्हणाला की असंच चार-दोन आठवडे मिळाले तर निवड कुठं जात नाही, तुम्ही रोज यायचं, मी सायकलवर घ्यायला येत जाईन, आई रोज जेवायला वाढेल. मग हसू ओसरता ओसरता त्यानं विचारलं. त्यात कसलीही खोच नव्हती.

"वस्ताद, तुमची पाठ कशानं गेली? तात्यांना विचारलं की ते गप बसायचे."

रंगनाथपुढं दोन उत्तरं होती. एक खरं होतं, आणि ते मिळून घटकाही झाली नव्हती. त्याला अजून शब्द लागले नव्हते, ते बोलायचं तर थांबत, अडखळत, आपल्या मूर्खपणाचं एकेक पोतं पाठीवरून उतरवत बोलावं लागलं असतं. दुसरं तयार होतं. सहादेव वाट बघत होता. त्याचा चेहरा सुखी होता, पाठ दुखत नव्हती, बाप मेला तरी बापाची आठवण शाबूत होती. हे सगळं ह्याला कसं मिळालं, असं रंगनाथच्या मनात आलं. आणि तोंड आपलं नेहमीच्या वाटेनं गेलं.

"तुझ्या बापानं," तो म्हणाला.

मग त्यानं सगळी गोष्ट सांगितली. फट, पहाट, कमान, मुद्दाम मारून दाखवलेली खोटी रोवणी. खोटी आहे हे माहीत असून त्यानं ती पहिल्यांदाच सांगितली, आणि ती नेहमीपेक्षा चांगली सांगितली गेली. गोष्ट संपल्यावर सहादेव भिंतीशी गेला, तिथं टेकवून ठेवलेल्या चकत्यांतून मोठी उचलली, दांडीच्या एका टोकाला चढवली. दुसरी आणून दुसऱ्या टोकाला चढवली. रंगनाथ म्हणाला, एवढं आज नको. सहादेवनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"माझा बाप खोटं दाखवनारा मानूस न्हवता," तो म्हणाला. "तो करायचा ते बरोबरच हुतं."

तो दांडीपुढं उभा राहिला आणि वाकला. कवाड लोटून नाही. कमरेतून, गोल, बाप वाकायचा तसा. रंगनाथनं म्हटलं, सहादेव, खुब्यातून. ते त्याला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही. दांडी जमिनीवरून सुटली आणि वर आली. रंगनाथला एवढंच सांगायचं होतं, की तुझा बाप खरा होता, म्हणून तो सांगायचा तसं कर, करायचा तसं नको. पण ते सांगायचं तर आधी आपण आत्ताच जे बोललो ते गिळावं लागणार होतं, आणि त्यानं तोंड उघडलं तरी ते घशाखाली जाईना. सहादेवनं दुसरी ओढली, हिसका देऊन. तिसरी ओढली. त्याच्या पाठीचा उंचवटा वर येत होता, खाली जात होता, आणि रंगनाथ मघाशी त्या पाठीवर ठेवलेला हात लुंगीला पुसत तिथंच उभा होता.